कोड लिहिताना मधेच कोणी बोलावलं की काय होतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामात येणारे व्यत्यय, त्यातून तुटणारी विचारांची लिंक आणि त्यावर करायचं काय, याबद्दल मला सतत मेसेज येतात आणि बरेचदा तेच तेच प्रश्न असतात, म्हणून सगळे एकदा एका जागी घेतलेत. मी बरीच वर्षं कोड लिहितेय, त्यातली काही वर्षं टीम सांभाळत काढली, त्यामुळे जिला मधेच हाक मारतात तीही मीच आणि दुसऱ्याला मधेच हाक मारणारीही मीच. प्रश्नांना नंबर दिलेत, एकाचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथे नंबर सांगितलाय.

१. दोन मिनिटांचा तर प्रश्न असतो, त्यात एवढं काय बिघडतं?

बोलण्यात गेलेल्या दोन मिनिटांचं काहीच नाही हो, मोडतं ते डोक्यात उभं केलेलं चित्र. समजा रिपोर्टमधून महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या एंट्री गायब होतायत आणि तुम्ही कारण शोधताय. वरून एकेक फंक्शन उतरत क्वेरीपर्यंत, म्हणजे डेटाबेसमधून माहिती मागणाऱ्या ओळीपर्यंत आलात. डोक्यात आहे की तारीख वर यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आली, दुसऱ्या फंक्शनने ती लोकल केली, तिसऱ्याने वेळ कापून नुसता दिवस ठेवला, म्हणजे खाली ‘पेक्षा कमी’ लिहिलंय तिथे शेवटचा अख्खा दिवस उडतोय की काय. यातलं एक अक्षरही स्क्रीनवर लिहिलेलं नाहीये, सगळं डोक्यात. तेवढ्यात कोणीतरी विचारतं, “अगं, टेस्ट सर्व्हरचा पासवर्ड बदललाय का?” तुम्ही म्हणता “हो, ग्रुपवर टाकलाय”. दहा सेकंदांचं काम. परत स्क्रीनकडे बघता तर समोर नुसती क्वेरी आहे आणि आपण ती कशासाठी उघडली होती तेच आठवत नाही, मग पुन्हा वरपासून उतरा.

आपली तात्पुरती आठवण फार छोटी असते. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये ‘सात, दोन कमी-जास्त’ असा आकडा मांडला होता, पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो साधारण चारवर आणला. वरच्या उदाहरणात तारखेच्या चार अवस्था आहेत, म्हणजे जागा आधीच फुल्ल. पासवर्डचा प्रश्न आत आला की आधीचं काहीतरी बाहेर पडणारच.

२. व्यत्ययानंतर लक्ष परत यायला २३ मिनिटं लागतात असं सगळीकडे वाचलंय, ते खरं आहे का?

आकडा हवेतून आलेला नाही पण त्याचा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा लावला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑफिसमधल्या माणसांच्या मागे बसून, कोण कधी कुठलं काम सोडतो आणि कधी परत धरतो याची मिनिटामिनिटाची नोंद केली होती. मार्क यांनी नंतर मुलाखतीत २३ मिनिटं १५ सेकंद हा आकडा सांगितला आणि तिथून तो सगळीकडे पसरला. पण तो आहे सोडलेल्या कामाकडे परत यायला लागलेला वेळ. त्या मधल्या वेळात माणूस रिकामा बसलेला नसतो, सरासरी दोन वेगळी कामं करून मग मूळ कामाकडे वळतो. म्हणजे मेंदू तापायला २३ मिनिटं लागतात असं त्यात कुठेच नाही.

त्यामुळे ‘दिवसात दहा वेळा डिस्टर्ब झालो म्हणजे २३० मिनिटं गेली’ असला गुणाकार कृपया करू नका. मॅनेजरसमोर तर अजिबात नको, त्याने एक प्रश्न विचारला की तुमचा सगळा मुद्दाच पडतो, आणि मुद्दा तर खरा असतो.

३. मग खास प्रोग्रामरवर केलेला काही अभ्यास आहे का?

आहे, आणि चांगला आहे. ख्रिस पार्निन आणि स्पेन्सर रुगाबर यांनी ८६ प्रोग्रामरची साधारण १०,००० सेशन तपासली, एडिटरमध्ये आपोआप नोंदवलेली, शिवाय ४१४ जणांना प्रश्नावली दिली. काम परत सुरू केल्यावर पहिली ओळ बदलायला साधारण १० ते १५ मिनिटं जातात असं त्यात निघालं. एखाद्या मेथडमध्ये बदल चालू असताना मधेच उठावं लागलं असेल तर एका मिनिटाच्या आत पुन्हा टायपिंग सुरू झालं असं फक्त १० टक्के वेळा. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे सलग दोन तासांचं एक सेशन दिवसातून जेमतेम एकदा मिळतं.

त्या १० ते १५ मिनिटांत लोक काय करतात? फायली उघडतात, या मेथडमधून त्या मेथडमध्ये उड्या मारतात, कोण कोणाला कॉल करतंय ते बघतात. बाहेरून बघणाऱ्याला हा टाइमपास वाटतो. प्रत्यक्षात प्रश्न १ मधलं मोडलेलं चित्र पुन्हा जुळवणं चाललेलं असतं.

४. बाकीच्यांनाही व्यत्यय येतातच की, प्रोग्रामरचंच एवढं कौतुक कशाला?

बरोबर आहे, ही काही फक्त आपलीच अडचण नाही. अकाउंट्स जुळवणारा, भाषांतर करणारी, डिझाइन काढणारा, सगळ्यांची लिंक अशीच तुटते. फरक इतकाच की आपल्या कामाचा मोठा भाग दिसत नाही. भिंत रंगवणारा उठून गेला तरी कुठवर रंग झाला ते भिंतच सांगते. कोडमध्ये अर्धवट विचार कुठवर आला होता ते कोड सांगत नाही, तो फक्त लिहून झालेल्या ओळी दाखवतो. त्यातून एकटक स्क्रीनकडे बघत बसलेला माणूस रिकामाच वाटतो, टायपिंग चालू असलं तर निदान कोणी हाक मारायला कचरतं तरी. आणि गंमत बघा, नुसतं बघत बसलेला असतो तेव्हाच चित्र बांधणं जोरात चालू असतं.

५. व्यत्ययामुळे खरंच बग वाढतात का, की नुसता वेळ जातो?

पायऱ्या-पायऱ्यांच्या कामात चुका नक्की वाढतात. एरिक आल्टमन, ग्रेगरी ट्रॅफ्टन आणि झॅक हॅम्ब्रिक यांनी २०१४ मध्ये छापलेल्या प्रयोगात लोकांना ठरलेल्या क्रमाने कॉम्प्युटरवर काही पायऱ्या करायला लावल्या आणि मधेच छोटा अडथळा आणला. सरासरी २.८ सेकंदांच्या अडथळ्यानंतर क्रमाच्या चुका दुप्पट झाल्या, ४.४ सेकंदांच्या अडथळ्यानंतर तिप्पट. चार सेकंद म्हणजे मान वर करून “हं?” म्हणण्याइतका वेळ.

माझी स्वतःची एक सांगते. बाहेरच्या सर्व्हिसला कॉल फेल झाला तर तीनदा प्रयत्न करायचा असा लूप लिहीत होते. अट लिहिली, ट्राय-कॅच लिहिलं, आता शेवटी काउंट एकने वाढवायचा एवढंच बाकी होतं. शेजारच्याने बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं) का फेल झालं ते दाखवायला बोलावलं, पाच-सहा मिनिटं गेले, परत आले तर लूप कसा नीटनेटका दिसत होता, कंस जुळलेले, इंडेंटिंग व्यवस्थित. मनात ती ओळ ‘लिहिलेली’ होती. पीआर (बदल तपासून घ्यायची विनंती) टाकला, टेस्टमध्ये पहिलाच कॉल यशस्वी होत होता त्यामुळे सगळं हिरवं, म्हणजे पास. रिव्ह्यू करणारीने पकडलं म्हणून, नाहीतर ती सर्व्हिस बंद पडली असती त्या दिवशी आमचा कोड तिच्यावर अखंड धडका देत बसला असता. तेव्हापासून अर्धवट जागा मी मुद्दाम कंपाइल होणार नाही अशी सोडते, ते प्रश्न ९ मध्ये.

६. नोटिफिकेशन नुसतं वाजलं, मी उघडलंच नाही, तर चालतं ना?

नाही चालत. २०१५ मध्ये कॅरी स्टोदार्ट आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं, लक्ष देऊन करायचं काम चालू असताना लोकांच्या फोनवर कॉल किंवा मेसेज पाठवले, त्यांनी फोनला हात लावला नाही तरी कामगिरी घसरली. कोणाचा असेल, काय असेल, हा विचार सुरू होतो तिथेच जागा खाल्ली जाते. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात सरकत येणाऱ्या पॉप-अपचं तर अजून वाईट, त्यात मेसेजची पहिली ओळ दिसते आणि डोळा ती वाचूनच मोकळा होतो. किमान तो प्रिव्ह्यू तरी बंद करा, आणि चॅटच्या आयकॉनवरचा लाल आकडाही.

७. सगळे व्यत्यय सारखेच वाईट असतात का?

अजिबात नाही, वेळ कुठली साधली यावर बरंच अवलंबून असतं. शमसी इक्बाल आणि ब्रायन बेली यांच्या प्रयोगांत दिसलं की कामाचा एखादा छोटा तुकडा संपून दुसरा सुरू होण्याआधी मधे बोलावलं तर त्रास बराच कमी होतो. आपल्याकडे अशा जागा भरपूर असतात, कमिट झालं (बदल नोंदवून ठेवले), टेस्ट चालवायला लावल्या, पीआर टाकला, बिल्ड सुरू आहे. त्या क्षणी विचारा ना काय विचारायचं ते. डीबगरने प्रोग्राम मधेच ब्रेकपॉइंटवर थांबवलाय आणि माणूस व्हेरिएबलच्या व्हॅल्यू बघतोय, तेव्हा नको.

दुसरं म्हणजे विषय. मी पेमेंटच्या कोडमध्ये आहे आणि कोणी पेमेंटबद्दलच विचारलं तर चित्र फारसं हलत नाही, कधी तर मदतच होते. त्याच वेळी रजेच्या फॉर्मबद्दल विचारलं तर सगळं बाजूला सारावं लागतं.

८. मला कोणीच डिस्टर्ब करत नाही, मीच दर पाच मिनिटांनी चॅट नाहीतर मेल उघडतो, हे पण व्यत्ययातच धरायचं का?

धरायचंच. ऑफिसमधल्या निरीक्षणांत जवळपास निम्म्या वेळा लोक स्वतःच स्वतःचं काम तोडताना दिसतात, त्यामुळे तुम्ही एकटे नाही आणि तुमच्यात काही दोष आहे असंही नाही.

कधी होतं ते बारकाईने बघा. माझं बहुतेक दोन ठिकाणी होतं. एक म्हणजे बिल्डला किंवा टेस्टला ४०-५० सेकंद लागतात तेव्हा, हात आपोआप दुसऱ्या टॅबवर जातो आणि मग १० मिनिटांनी आठवतं की टेस्ट कधीच संपल्यात. दुसरं म्हणजे पुढची पायरी नक्की काय ते माहीत नसतं तेव्हा, अवघड जागेवरून मन पळ काढतं आणि चॅट ही सगळ्यात जवळची पळवाट. पहिल्यावर उपाय यांत्रिक आहे, टेस्ट संपली की आवाज होईल असं लावा, फक्त त्या फाइलच्याच टेस्ट चालवा, वाट बघताना त्याच कोडचा डिफ, म्हणजे काय काय बदललं ते, वाचा. दुसऱ्यासाठी मी कागदावर एक ओळ लिहिते, ‘मला नक्की काय माहीत नाहीये?’ आणि त्याचं उत्तर लिहायला बसते. बरेचदा तिथेच गाडी हलते.

हल्ली यात एक भर पडलीये. एआय असिस्टंटला काम सांगायचं, तो दोन-तीन मिनिटं करत बसणार, तेवढ्यात आपण दुसरं काही उघडणार, मग तो “झालं, बघा” म्हणणार. तीन कामं एकदम लावून दिली की दिवसभर आपणच आपल्याला पिंग करत राहतो. मी एका वेळी एकच लावते आणि तो करत असताना त्याच भागाच्या टेस्ट वाचते.

९. उठायलाच लागणार असेल तर उठण्याआधी काय करून ठेवू?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा, कारण व्यत्यय थांबवणं आपल्या हातात थोडंच असतं पण परत यायची वाट ठेवणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा काही भाग मागेच अडकून राहतो, त्यामुळे दुसरं कामही धड होत नाही. पुढे २०१८ मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लोम यांनी एक साधा उपाय तपासला, उठण्याआधी ‘मी कुठे आहे आणि परत आल्यावर पहिलं काय करणार’ हे थोडक्यात लिहायचं. तेवढ्याने मागे अडकलेलं लक्ष सुटतं आणि समोरच्या कामात माणूस जास्त नीट असतो. म्हणजे फायदा नुसता परत आल्यावर नाही, ज्याने हाक मारली त्यालाही तुम्ही पूर्ण मिळता.

आता प्रत्यक्षात. कोणी आलं की मी म्हणते “वीस सेकंद दे, वाक्य पूर्ण करते” आणि कर्सर आहे तिथेच, कोडमध्येच टाइप करते. कमेंटचं चिन्ह न लावता. उदाहरणार्थ ‘इथे तारीख लोकल आहे, खाली क्वेरीत यूटीसी हवी, आधी शेवटच्या दिवसाची टेस्ट लिही’. कमेंट नसल्यामुळे कोड कंपाइलच होत नाही, म्हणजे मी विसरले तरी कंपायलर त्या ओळीवर आणून उभं करतो. कंपायलर नसलेल्या भाषेत काम करत असाल तर एक फेल होणारी टेस्ट लिहून उठा, नाव सुद्धा वाक्यासारखं द्या, परत येऊन टेस्ट चालवल्या की लाल ओळच सांगते काय बाकी होतं ते.

‘टूडू: हे पूर्ण कर’ असलं लिहू नका, त्याने काहीच कळत नाही. पुढची कृती लिहा, क्रियापदासकट. आणि समोरचा माणूस वीस सेकंद थांबतो, मला आजपर्यंत कोणी नाही म्हटलेलं नाही.

जास्त वेळ जायचं असेल किंवा ब्रँच (कोडची वेगळी शाखा) बदलायची असेल तर मी स्टॅश करत नाही, म्हणजे बदल तात्पुरते बाजूला टाकून ठेवत नाही, ‘अर्धवट’ अशा नावाने कमिट करते. स्टॅशमध्ये टाकलेलं चार दिवसांनी कोणाला आठवतंय? कमिट निदान त्या ब्रँचवर डोळ्यासमोर राहतो आणि नंतर स्क्वॉश करता येतो, म्हणजे बाकीच्या कमिटमध्ये मिसळून एकच करता येतो.

१०. परत आल्यावर आठवतच नाही कुठे होतो, तेव्हा काय?

प्रश्न ९ मधली चिठ्ठी सोडली असेल तर तिथून. नसेल तर सरळ डिफ बघा, शेवटच्या कमिटनंतर काय काय बदललंय, ते सगळ्यात प्रामाणिक असतं. मग एडिटरचं अनडू दोन-तीनदा दाबून परत रीडू करा, शेवटी हात कुठे होता ते दिसतं. टर्मिनलची हिस्टरी पण बघा. उघडे असलेले चाळीस टॅब मात्र काही सांगत नाहीत, त्यातले निम्मे तीन दिवसांपूर्वीचे असतात.

११. दिवसात फक्त दीड तास मीटिंग असतात तरी काम होत नाही, असं का?

कारण दीड तास किती हे महत्त्वाचं नाही, तो कुठे कुठे पडलाय ते बघायला पाहिजे. दिवस १० ते ६ धरा, १ ते २ जेवण. अर्ध्या तासाच्या तीन मीटिंग ११ वाजता, १२ वाजता आणि साडेतीनला आहेत. उरतं काय, सकाळी एक तास, मग अर्धा तास, पुन्हा अर्धा तास, दुपारी दीड तास आणि ४ ते ६. सलग दोन तास फक्त शेवटी, डोकं दमलेलं असताना. त्याच तीन मीटिंग १० ते साडेअकरा एकापाठोपाठ लावल्या तर सकाळी सलग दीड तास आणि दुपारी सलग चार तास. कामाचे एकूण तास दोन्हीकडे तेवढेच.

टीमचं कॅलेंडर हातात असलेल्या लोकांना माझी विनंती आहे की नवीन मीटिंग टाकताना ‘सगळे मोकळे कधी’ एवढंच बघू नका, तिने कोणाची दुपार मधोमध कापली जातेय का तेही बघा.

१२. ओपन ऑफिसमध्ये हेडफोन लावले तर पुरतं का?

थोडंफार. आजूबाजूचं बोलणं, त्यातही शब्द कळणारं बोलणं, आठवणीच्या कामात सगळ्यात जास्त आड येतं, एसीच्या घरघरीचं तेवढं नाही. हेडफोनने तो भाग कमी होतो, पण शब्द असलेली गाणी लावली तर पुन्हा शब्दच आले.

जागेचा परिणाम जुनाच आहे. टॉम डीमार्को आणि टिमोथी लिस्टर यांनी १९८४ ते १९८६ मध्ये ९२ कंपन्यांतल्या ६०० हून जास्त प्रोग्रामरना सारखंच काम देऊन स्पर्धा घेतली होती. लोक विनाकारण मधेच बोलावतात का, या प्रश्नाला सगळ्यात चांगली कामगिरी केलेल्या पाव भागातल्या ३८ टक्के लोकांनी हो म्हटलं, सगळ्यात मागे पडलेल्या पाव भागातल्या ७६ टक्के लोकांनी. जागेमुळे काम चांगलं झालं की चांगल्या लोकांना चांगली जागा मिळाली, हे एवढ्यावरून ठरत नाही, पण आकडा विचार करायला लावणारा आहे. आणि भिंती काढल्या की संवाद वाढतो म्हणणाऱ्यांसाठी, एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये मोजलं तर मोकळ्या रचनेत गेल्यावर समोरासमोरचं बोलणं साधारण ७० टक्क्यांनी घटलं आणि लोक मेल-मेसेजवर गेले.

‘आत्ता नको’ सांगणारी खूण सगळ्या टीमने मिळून ठरवली तर जास्त चालते. झुरिकच्या संशोधकांनी टेबलावर ठेवायचा एक लाल-हिरवा दिवा बनवला, कीबोर्ड-माउसच्या हालचालीवरून आपोआप रंग बदलणारा, १२ देशांतल्या ४४९ जणांनी तो वापरला आणि व्यत्यय ४६ टक्क्यांनी कमी झाले. दिवा नसला तरी चॅटचं स्टेटस चालतं, फक्त दिवसभर लालच ठेवलं तर कोणी मानणार नाही.

१३. मी ज्युनियर आहे, अडलोय, पण सीनियरची लिंक तुटेल म्हणून विचारायला घाबरतो. काय करू?

विचारा. हा प्रश्न वाचला की मला खरंच वाईट वाटतं, कारण व्यत्ययांबद्दल आम्ही जे बोलतो त्याचा सगळ्यात चुकीचा परिणाम हाच आहे. तुमचे चार तास वाया जाणं हे सीनियरच्या १५ मिनिटांपेक्षा स्वस्त नाही.

फक्त पद्धत ठरवा. अर्धा तास स्वतः प्रयत्न करा, काय काय करून बघितलं ते लिहा, मग मेसेज टाका. नुसतं ‘हाय’ टाकून उत्तराची वाट बघत बसू नका, त्याने तिची लिंक तुटते आणि प्रश्न कळतच नाही. पहिल्याच मेसेजमध्ये सगळं लिहा, काय करायचंय, काय एरर येतोय, काय करून झालं, आणि किती घाई आहे. ‘जेवणानंतर बघितलंस तरी चालेल’ हे वाक्य फार उपयोगी आहे. उत्तर येईपर्यंत करायला दुसरं काही बाजूला ठेवा. आणि प्रोडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टिममध्ये, काही तुटताना दिसलं तर यातलं काही पाळू नका, सरळ जाऊन हाक मारा.

१४. मी सीनियर आहे, दिवसभर सगळे माझ्याकडेच येतात, माझं काम संध्याकाळी सुरू होतं. यावर काय?

आधी हे मान्य करा की लोकांना सोडवणं हेही तुमचं कामच आहे, ते हिशेबात धरा आणि स्वतःच्या अंगावर क्रिटिकल पाथवरचं, म्हणजे ज्यावाचून बाकीचं अडतं असं, कोडिंग कमी घ्या.

मग एक आठवडा वहीत नुसती रेघ मारा, कोण आलं आणि काय विचारलं. मी केलं तेव्हा दिसलं की निम्मे प्रश्न तीन-चार गोष्टींभोवतीच फिरतायत, लोकल सेटअप, एका जुन्या सर्व्हिसचे कॉन्फिग, आणि डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) कोणी करायचं. सेटअपची स्क्रिप्ट लिहिली, ती लिहायला दोन दिवस गेले, पण ते प्रश्न जवळजवळ थांबले. दिवसात ठरलेला एक तास ‘कधीही या’ असा जाहीर केला तर लोक तोपर्यंत प्रश्न साठवतात आणि गंमत म्हणजे त्यातले काही तोपर्यंत आपोआप सुटतात. आणि ज्या गोष्टी फक्त तुम्हालाच माहीत आहेत त्यातली एकेक दुसऱ्याच्या हातात द्या, नाहीतर तुम्ही रजेवर गेलात की टीम बसून राहणार.

१५. मॅनेजर म्हणतो चॅटवर लगेच रिप्लाय पाहिजे. आता?

विचारा की लगेच म्हणजे किती, आणि कशासाठी. बरेचदा त्याला भीती असते की काहीतरी पेटलेलं असेल आणि कोणी बघणार नाही. त्यावर वेगळा रस्ता द्या, खरंच पेटलंय तर फोन करा, मी उचलते, बाकी चॅट मी दर दीड तासाने बघते. दोन आठवडे करून बघू असं म्हणा, कायमचं म्हणू नका. आकडे द्यायचे तर प्रश्न ३ मधले द्या, प्रश्न २ मधला देऊ नका.

१६. ऑन-कॉल असताना, म्हणजे सिस्टिम बिघडली तर धावून जायची पाळी आपली असताना, फोकस कसा ठेवायचा?

ठेवायचाच नाही. त्या आठवड्यात मोठं फीचर घेऊ नका, अलर्ट येणार म्हणून अर्धं लक्ष तिकडेच असतं आणि दोन्ही कामं बिघडतात. छोट्या दुरुस्त्या, कागदपत्रं, आणि मुख्य म्हणजे उगाच वाजणारे अलर्ट बंद करणं, हे घ्या. टीममध्ये एकाने सगळ्यांचे व्यत्यय अंगावर घ्यायचे आणि बाकीच्यांनी निवांत काम करायचं, दर आठवड्याला माणूस बदलायचा, ही पद्धत मला सगळ्यात न्याय्य वाटते.

१७. पेअर प्रोग्रॅमिंगमध्ये (दोघांनी मिळून एकच कोड लिहिताना) तर सतत कोणी बोलतच असतं, मग ते वाईट का नाही?

कारण दोघांच्या डोक्यात एकच चित्र असतं. जॅन चॉंग आणि रोझॅन सिनो यांनी २००६ मध्ये एकटे काम करणारे आणि जोडीने करणारे यांची तुलना केली, तेव्हा जोडीला आलेले व्यत्यय छोटे निघाले. एकजण उत्तर देतो तोवर दुसरा धागा धरून ठेवतो, आणि दोघं बोलत असतील तर तिसरा माणूस फालतू गोष्टीसाठी मधे पडायला जरा बिचकतोच.

१८. माझं तर उलट आहे, व्यत्यय आले की मी जास्त भराभर काम करते. मग प्रॉब्लेम काय?

होतं असं, आणि ते मोजलंही गेलंय. ग्लोरिया मार्क, डॅनिएला गुडिथ आणि उलरिश क्लोके यांच्या २००८ च्या प्रयोगात मधेमधे अडवलेल्या लोकांनी मेलला उत्तरं देण्याचं काम कमी वेळात संपवलं आणि दर्जाही घसरला नाही. पण ताण, वैताग आणि घाईची भावना वाढली, तीही जेमतेम २० मिनिटांच्या कामात. शिवाय ते काम मेलचं होतं, प्रश्न १ मधल्या बगसारखं नव्हतं. संध्याकाळी काहीच अवघड केलं नाही तरी गळून गेल्यासारखं वाटतं का? वाटत असेल तर तो वेग कुठून येतोय ते बघा.

१९. घरून काम करते, घरच्यांना वाटतं मी मोकळीच आहे. कसं सांगू?

त्यांना दिसेल असं काहीतरी ठेवा. दार बंद म्हणजे आत्ता नको, दार उघडं म्हणजे या, एवढं साधं. ते कधी उघडणार हेही सांगा, ‘साडेअकराला बाहेर येते’ असं म्हटलं की लहान मूलसुद्धा बरंच थांबतं, ‘नंतर’ म्हटलं की थांबत नाही. आणि साडेअकराला खरंच बाहेर या.

२०. एवढं सगळं करूनही माझा दिवस तुकड्यातुकड्यातच जातो, तर?

मग कामच त्या तुकड्यांच्या मापाचं निवडा. अर्ध्या तासात एक छोटा पीआर नीट वाचून होतो, एक टेस्ट लिहून होते, एखाद्या व्हेरिएबलचं नाव सगळीकडे बदलून होतं. डेटा मॉडेल बदलणं किंवा रेस कंडिशन (दोन गोष्टी एकाच वेळी चालल्यामुळे कधीतरीच येणारी चूक) शोधणं त्या अर्ध्या तासात सुरूच करू नका, चित्र उभं राहायच्या आत उठावं लागतं आणि हाती फक्त वैताग येतो. असल्या कामांसाठी आठवड्यातला एक दिवस किंवा दोन सकाळी टीमकडून मागून घ्या, कॅलेंडरमध्ये कामाच्या नावासकट टाका, कारण नुसतं ‘बिझी’ लिहिलं की लोक विचारतात थोडं सरकवता येईल का, आणि ‘महिनाअखेरच्या एंट्री गायब होण्याचा बग’ लिहिलं की सहसा विचारत नाहीत.